सोसायटीच्या कॅरमसाठी ऑनलाइन रँकिंग: रविवार रात्रीचा हिशेब

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. पूर्वी तिथे गणपतीचं मखर, जुन्या खुर्च्या आणि पाण्याच्या पंपाचे सुटे भाग पडलेले असायचे. तीन वर्षांपूर्वी ती रिकामी करून आम्ही दोन कॅरम बोर्ड मांडले. आता रात्री साडेआठनंतर तिथे जागा मिळत नाही. दोन्ही विंग मिळून एकतीस जण नियमित खेळतात. सगळ्यात लहान सातवीतला आहे, सगळ्यात मोठ्या आजी एकाहत्तरच्या. या एकतीस जणांचं रँकिंग मी ठेवते. नोकरीत माझं काम हिशेबाचं, म्हणून ते माझ्याकडे आलं. ते कसं उभं केलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. बुद्धिबळ, टेबल टेनिस, बॅडमिंटन, कशालाही हीच पद्धत चालेल. लागतं एवढंच: गुगल शीट्स, एक गुगल फॉर्म, आणि आठवड्यातून अर्धा तास शांत बसू शकणारा एक माणूस.

आधी आमचे दोन फसलेले प्रयोग सांगते, कारण बहुतेक ठिकाणी सुरुवात तिथूनच होते.

पहिल्यांदा आम्ही फक्त जिंकलेले गेम मोजले. ज्याचे जास्त, तो वर. महिन्याभरात दिसलं की वर जायला चांगलं खेळावं लागत नाही, नुसतं खूप खेळावं लागतं, आणि तेही कच्च्या खेळाडूंशी. आमचा एक चांगला खेळणारा मुलगा रोज संध्याकाळी नवशिक्यांना गाठून चार-चार गेम जिंकायला लागला. त्याच्या तोडीचे दोघे समोर बसले की त्याला अभ्यास आठवायचा. मग आम्ही टक्केवारी काढली: खेळलेल्यांपैकी जिंकलेले किती. त्याचं उलटंच झालं. ज्याचे पहिले सहापैकी सहा गेम जिंकून झाले, त्याने खेळणंच बंद केलं. शंभर टक्के हातात असताना सातवा गेम कोण खेळेल? दोन्ही पद्धतींत चूक एकच होती. तुम्ही कोणाला हरवलंत, याचा त्या हिशेबात पत्ताच नव्हता.

यावरचं उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त त्याचं गणित माहीत नव्हतं. माझे वडील लालबागला गिरणीत होते. १९८२च्या संपात चाळीच्या गॅलरीत दिवसभर कॅरम चालायचा. वर दोरीने लोंबकळणारा बल्ब, त्याला पत्र्याची टोपी, आणि भिंतीवर खडूने मांडलेले आकडे. बाबा नवख्याबरोबर बसले की त्याला आधीच दहा पॉइंट देऊन टाकायचे. "नाहीतर त्याला काय मजा?" म्हणायचे. समोरच्यात आणि आपल्यात फरक किती, हे आधी ठरवायचं आणि मग निकालाची किंमत करायची. ईलो रेटिंग नेमकं हेच करतं.

ईलो हे कशाचं संक्षिप्त रूप नाही, आडनाव आहे. अर्पाद ईलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि बुद्धिबळपटू. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, १९७० साली स्वीकारली. पुरुषांच्या फुटबॉलची जागतिक क्रमवारीही २०१८पासून त्याच धर्तीवर चालते. एवढ्या ठिकाणी टिकलेली गोष्ट आमच्या तळमजल्यावर टिकेल असं मला वाटलं, आणि ती टिकली.

गणित एकदाच नीट समजून घ्या

प्रत्येकाला सुरुवातीला एक आकडा द्यायचा, म्हणजे रेटिंग. आम्ही १००० दिला. १५०० द्या, २००० द्या, काही बिघडत नाही. अर्थ फक्त फरकाला असतो. रेटिंग उतरत्या क्रमाने लावली की झालं रँकिंग. कॅरमचे पॉइंट वेगळे, हे रेटिंग वेगळं. आमच्याकडे सुरुवातीला दोन्हींना "पॉइंट" म्हणून बराच गोंधळ झाला, म्हणून शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून वरच्याने जिंकण्याची अपेक्षा निघते. फरक शून्य असेल तर अर्थात ५० टक्के. १०० असेल तर ६४, २०० असेल तर ७६, ३०० असेल तर ८५, ४०० असेल तर ९१. हे पाच आकडे एका चिठ्ठीवर लिहून बोर्डाशेजारी चिकटवा. लोकांना सूत्र नको असतं, पण हे आकडे ते आवडीने वाचतात आणि त्यावर वादही घालतात.

मग निकालातून अपेक्षा वजा करायची. जिंकलात तर निकाल १, हरलात तर ०. समजा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं रेटिंग १२४० आहे आणि बी विंगमधल्या नववीतल्या मुलीचं १०४०. फरक २००, म्हणून काकांची अपेक्षा ०.७६. काका जिंकले तर १ वजा ०.७६, म्हणजे ०.२४. हरले तर ० वजा ०.७६, म्हणजे उणे ०.७६. या आकड्याला एका गुणकाने गुणायचं. बुद्धिबळात त्याला के म्हणतात. आम्ही के २० धरतो. म्हणजे काका जिंकले तर त्यांना जवळजवळ ५ मिळतात, हरले तर १५ जातात.

हे पाच आणि पंधरा नीट बघा, सगळा जीव त्यात आहे. कच्च्या खेळाडूला चार वेळा हरवून जे मिळतं, त्यातलं बरंचसं एका हरण्यात परत जातं. त्यामुळे नवशिक्यांना गाठून वर चढण्यात काही अर्थ उरत नाही. आणि नवशिक्याला काकांसमोर बसायला भीती वाटत नाही, कारण हरलं तर फक्त ५ जातात. जिंकलं तर मात्र पुढचे आठ दिवस जिन्यात तीच चर्चा.

के किती ठेवायचा? फिडे नव्या खेळाडूला पहिले ३० डाव ४० ठेवते, नंतर २०, आणि २४०० गाठलेल्यांना १०. आम्ही पहिल्या १० गेमपर्यंत ४० आणि पुढे २० ठेवलाय. नवा माणूस आपल्या खऱ्या जागी लवकर पोचावा म्हणून मोठा के, आणि एकदा पोचल्यावर एका वाईट रात्रीने तो घसरू नये म्हणून छोटा. याहून बारीक पद्धतीही आहेत. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाची ग्लिको पद्धत प्रत्येकाच्या रेटिंगबरोबर त्यातली अनिश्चितताही मोजते, आणि लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तिचीच सुधारलेली आवृत्ती वापरतात. पण तीसेक माणसांना ईलो पुरतं. शिवाय कागदावर करून दाखवता येतं, आणि आमच्यासारख्या ठिकाणी हे फार महत्त्वाचं आहे. "कॉम्प्युटरने काढलं" हे उत्तर देऊन कोणाचं समाधान होत नाही.

कोणता गेम धरायचा

शीट उघडण्याआधी हे ठरवा आणि भिंतीवर लावा. आमच्याकडे रँकिंगसाठी फक्त एकेरी गेम धरतो: २५ पॉइंट किंवा ८ बोर्ड, जे आधी होईल ते. इथे एक बोर्ड म्हणजे सोंगट्या एकदा मांडल्यापासून एकाच्या संपेपर्यंतचा डाव. आठ बोर्डांनंतर बरोबरी असेल तर एक जादा बोर्ड. नुसता एक बोर्ड धरायचा नाही. एका बोर्डात ब्रेक कोणाचा आणि राणी कुठे जाऊन बसली, यावरच बरंच काही ठरतं.

गेम सुरू होण्यापूर्वी दोघांनी मोठ्याने "रँकिंगचा" म्हणायचं. म्हटलं नाही तर तो गंमतीचा गेम, मग कोणी २५-० ने जिंको. हा नियम साधा वाटतो, पण त्याने आमचे निम्मे वाद मिटले. पूर्वी हरणारा म्हणायचा "आपण तर असंच खेळत होतो", आणि ते कधीकधी खरंही असायचं.

त्याच दोघांमधले आठवड्याला दोनच गेम धरतो. तिसरा खेळा, खुशाल खेळा, पण नोंद नाही. आणि किती फरकाने जिंकलं हे आम्ही मोजत नाही. तशी मागणी दर दोन महिन्यांनी येते, आणि मी दर वेळी नाही म्हणते. २५-२ ला जास्त किंमत दिली की चांगला खेळाडू नवशिक्याला शेवटच्या सोंगटीपर्यंत रगडत बसतो. मला ते त्या खोलीत बघायचं नाही.

दुहेरीसाठी वेगळं शीट ठेवा. जोडीचं रेटिंग म्हणजे दोघांच्या दुहेरी रेटिंगची सरासरी, आणि बदल दोघांना सारखाच. एकेरीत मिसळू नका.

नोंद हरलेल्याने करायची

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारा नियम हा. निकालाचा फॉर्म जिंकलेल्याने नाही, हरलेल्याने भरायचा. स्वतः हरलो अशी खोटी नोंद सहसा कोणी करत नाही, त्यामुळे पडताळणीची गरजच राहत नाही. जिंकलेला भरायचा तेव्हा दोन दिवसांनी समोरून फोन यायचा, "मी कधी हरलो?" आता तो फोन येत नाही. चोवीस तासांत नोंद झाली नाही तर जिंकलेल्याने आठवण करायची. तरीही झाली नाही तर मला सांगायचं, आणि त्या वेळी खोलीत असलेल्या तिसऱ्या माणसाला विचारून मी नोंदवते.

गुगल फॉर्ममध्ये चारच प्रश्न ठेवा: तारीख, जिंकलेला, हरलेला, पॉइंट. नावं टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाउन ठेवा. मी पहिल्या महिन्यात टाइप करू दिली, आणि एकाच माणसाची आडनावासह, आडनावाशिवाय, टोपणनावाने आणि शेवटी एक जागा जास्त सोडून अशी चार रेटिंग तयार झाली. ड्रॉपडाउनमध्ये नावाआधी क्रमांक असू द्या. शीट पुढे क्रमांकावरच चालतं.

फॉर्मची लिंक क्यूआर कोड करून बोर्डाजवळ लावली आहे. तरी शेजारी एक वही आणि सुतळीने बांधलेलं पेन आहेच. आमच्यातले चौघं फोनवर फॉर्म भरत नाहीत, वहीत लिहितात, आणि रविवारी त्यांची पानं मी भरते. वही काढून टाकायचा सल्ला मला पुष्कळ जणांनी दिला. मी काढली नाही. ती काढली असती तर हे चौघं खेळातून नाही, पण रँकिंगमधून गेले असते.

शीट कसं बांधायचं

सूत्रं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. शीटमध्ये टाकताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरा.

सगळ्यात आधी फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकॅल "इंडिया" करा. माझं अमेरिकेवर राहिलं होतं. ५/३ म्हणजे मार्चची ५ तारीख शीटने ३ मे धरली, आणि पाच आठवड्यांचे गेम भविष्यात जाऊन बसले.

पहिला टॅब "खेळाडू". ए स्तंभात क्रमांक, बीमध्ये नाव, सीमध्ये सध्याचं रेटिंग, डीमध्ये मागच्या आठवड्यापर्यंत खेळलेले गेम, ईमध्ये के, एफमध्ये या आठवड्याची कमाई, जीमध्ये नवं रेटिंग. शिवाय जे१ या चौकटीत चालू आठवड्याचा क्रमांक हाताने लिहायचा: १, २, ३ असा.

दुसरा टॅब "सामने". एमध्ये तारीख, बीमध्ये जिंकलेल्याचा क्रमांक, सीमध्ये हरलेल्याचा. डी आणि ईमध्ये त्या दोघांची रेटिंग; ती व्ही-लुकअप (क्रमांक शोधून त्याच्या ओळीतला आकडा आणणारं सूत्र) वापरून खेळाडू टॅबमधून येतात. व्ही-लुकअपच्या शेवटी "फॉल्स" न विसरता लिहा. नाहीतर यादी क्रमाने लावलेली नसेल तेव्हा तो भलत्याच माणसाचं रेटिंग उचलतो, आणि चूक झाल्याचं दाखवतही नाही. एफमध्ये जिंकलेल्याची अपेक्षा:

=१/(१+१०^((ई२-डी२)/४००))

जीमध्ये फक्त =१-एफ२. हीच जिंकलेल्याची कमाई, आणि तेवढंच हरलेल्याचं नुकसान. दोन वेगळे स्तंभ लागत नाहीत. एचमध्ये आठवड्याचा क्रमांक.

फॉर्मची उत्तरं ज्या टॅबमध्ये येतात त्यालाच ही सूत्रं जोडू नका. फॉर्म प्रत्येक उत्तरासाठी नवी ओळ घालतो आणि शेजारी ओढून ठेवलेली सूत्रं खाली सरकतात. मी दर रविवारी उत्तरं वाचून हाताने "सामने" टॅबमध्ये चिकटवते. आठवड्याला वीस-पंचवीस ओळी असतात, आणि त्या वाचताना तिसरा गेम, दोनदा भरलेला फॉर्म, हे सगळं डोळ्यांना दिसतं.

आता परत "खेळाडू" टॅब. एफ स्तंभात सम-इफ्सने दोन बेरजा करायच्या. एक, सामने टॅबमध्ये जिथे बीमध्ये हा क्रमांक आहे आणि एचमध्ये जे१मधला आठवडा आहे, तिथल्या जीची बेरीज. दुसरी तशीच, पण सीमध्ये हा क्रमांक असलेली. पहिलीतून दुसरी वजा. ईमध्ये =इफ(डी२<१०,४०,२०), आणि नवं रेटिंग म्हणजे =सी२+ई२*एफ२. दशांश तसेच राहू द्या. फक्त दाखवताना पूर्णांक दाखवा. प्रत्येक वेळी पूर्णांक करून साठवलं की थोडंथोडं कुठेतरी गळत राहतं.

तुमच्या लक्षात आलं असेल, आठवडाभर सगळ्यांचं रेटिंग एकच राहतं आणि रविवारी बदलतं. प्रत्येक गेमनंतर लगेच बदलणारं शीटही करता येतं, पण ते गुंतागुंतीचं होतं आणि एक गेम उशिरा नोंदवला गेला की पुढचे सगळे हलतात. फिडेची यादीसुद्धा महिन्यातून एकदाच, १ तारखेला निघते. आणि खरं सांगायचं तर आठवडाभर थांबण्यात मजा आहे. रविवारी रात्री नऊला लोक वाट बघतात.

रविवारी आठवडा बंद करताना क्रम चुकवू नका. आधी खेळाडू टॅबमधली क्रमांक आणि नवं रेटिंग ही जोडी "इतिहास" टॅबमध्ये तारखेसह चिकटवा. मग सामने टॅबमधल्या त्या आठवड्याच्या ओळी निवडून, कॉपी करून, त्याच जागी "फक्त मूल्यं" म्हणून पेस्ट करा. हे केलं नाही तर पुढच्या आठवड्यात रेटिंग बदलताच जुन्या गेमचे आकडेही बदलतात. नंतर जीमधलं नवं रेटिंग सीमध्ये, तेही फक्त मूल्यं. मग डीमध्ये गेमची संख्या वाढवा. सगळ्यात शेवटी जे१मधला आठवडा एकने पुढे. सीमध्ये चिकटवल्यावर क्षणभर जी स्तंभ भलतंच काही दाखवेल, कारण त्याच आठवड्याची कमाई पुन्हा मिळवली जाते. घाबरू नका, जे१ बदललं की ठीक होतं.

हे सगळं करण्याआधी ताळा घ्या. एफ स्तंभाची बेरीज शून्य यायलाच हवी. एकाची कमाई म्हणजे दुसऱ्याचं तेवढंच नुकसान, त्यामुळे दुसरं काही येणं शक्यच नाही. शून्य नाही आलं, तर कुठेतरी यादीत नसलेला क्रमांक पडलाय. आणि चूक सापडली तर ओळ पुसू नका. आमच्या धंद्यात खाडाखोड चालत नाही, उलट नोंद करतात. मी आठवडा बंद झाल्यावर सापडलेल्या चुकीसाठी शेवटी एक ओळ घालते, त्यात तोच आकडा उणे करून टाकते आणि शेजारी कारण लिहिते. कोणीही येऊन विचारलं तर दाखवता येतं.

जे दाखवायचं ते वेगळ्या फाइलमध्ये

मूळ फाइल फक्त माझ्याकडे आणि आणखी एका व्यक्तीकडे आहे. लोकांना पाहायला दुसरी फाइल, जिच्यात इम्पोर्ट-रेंजने (एका फाइलमधले आकडे दुसरीत आणणाऱ्या सूत्राने) फक्त नाव, रेटिंग आणि गेमची संख्या येते. एकाच फाइलमध्ये टॅब लपवून भागत नाही, कारण पाहणाऱ्याने फाइलची प्रत केली की लपवलेला टॅब उघडता येतो. मुलांची पूर्ण नावं, कोणाचेही फोन, फ्लॅट नंबर त्या फाइलमध्ये नकोत. पहिलं नाव पुरतं.

आता माझ्या हातून झालेली मोठी चूक. सुरुवातीला मी संपूर्ण यादी, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, छापून लिफ्टजवळच्या फळ्यावर लावायची. नीटनेटकी, रंगीत. दोन महिन्यांनी तळमजल्यावरच्या आजी येईनाशा झाल्या. साठीनंतर पहिल्यांदा स्ट्रायकर हातात धरलेल्या, रोज न चुकता साडेआठला येणाऱ्या. मी घरी गेले. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "अगं, खेळायला आवडतं मला. पण जाता-येता माझं नाव सगळ्यात खाली वाचायला नाही बरं वाटत." मी त्याच रात्री कागद काढला.

तेव्हापासून फळ्यावर फक्त पहिले दहा लागतात, आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरी यादी: या आठवड्यात ज्यांचं रेटिंग सगळ्यात जास्त वाढलं ते पाच जण. ही दुसरी यादी इतिहास टॅबमधून दोन आठवड्यांची वजाबाकी करून निघते. तिच्यात खालचे लोकच जास्त येतात, कारण त्यांना वर जायला जागा असते. ग्रुपवर मी आठवड्याचा सगळ्यात अनपेक्षित निकाल टाकते, म्हणजे सामने टॅबच्या जी स्तंभातला सगळ्यात मोठा आकडा. ऑनलाइन फाइलमध्ये यादी नावाच्या अकारविल्हे आहे. ज्याला क्रम हवा, तो स्वतः लावून बघू शकतो.

आजी परत आल्या. पुढच्या श्रावणात त्यांनी काकांना हरवलं. फरक ३१० होता. मी तो आकडा शीटमध्ये दोनदा तपासला, आणि काकांनी स्वतः फॉर्म भरला होता.

न खेळणारे, नवे, आणि दोन विंगांची भिंत

आला नाही म्हणून रेटिंग कापू नका. आमच्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले असतात, दहावीची परीक्षा असते, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या असतात. सहा आठवडे गेम नसेल तर नाव "विश्रांती" यादीत जातं, रेटिंग तसंच राहतं, आणि एक गेम खेळला की परत मुख्य यादीत. यामुळे शंभर टक्केवाल्याचा प्रश्नही सुटतो: न खेळता पहिल्या क्रमांकावर बसून राहता येत नाही. नव्या माणसाचं नाव पाच गेम होईपर्यंत क्रमात धरत नाही. संपूर्ण रँकिंग नवीन असेल, तर पहिला महिना यादी जाहीरच करू नका. सगळे १०००ला असताना पहिल्या आठवड्याचे आकडे निव्वळ योगायोगाचे असतात.

एक अडचण मला वर्षभराने कळली. ए विंगचे लोक आपापसात खेळायचे, बी विंगचे आपापसात. दोन्हीकडे पहिला साधारण १२५०चा. गणपतीत एकत्र स्पर्धा झाली आणि बी विंगच्या चौघांनी ए विंगच्या पहिल्या सहांना सरळ हरवलं. रेटिंग चुकलेलं नव्हतं. दोन वेगळ्या बेटांवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात, एवढंच. ज्या गटांमध्ये सामनेच होत नाहीत, त्यांच्या आकड्यांमध्ये नातंच तयार होत नाही. आता प्रत्येकाने पंधरा दिवसांत निदान एक गेम दुसऱ्या विंगमधल्याशी खेळायचा असतो, आणि रविवारी मी यादीबरोबर तशा सात-आठ जोड्या सुचवते, शक्यतो दीडशेच्या आतल्या फरकाच्या. तुमच्याकडे विंग नसतील, पण सकाळचे आणि रात्रीचे, ऑफिसमधल्या दोन पाळ्या, पुण्यातली भावंडं आणि न्यूजर्सीतली भावंडं, असं काहीतरी असेलच. तिथे पूल बांधा.

मूळ फाइल ज्या दुसऱ्या व्यक्तीकडे आहे, ती म्हणजे वरच्या उदाहरणातली बी विंगमधली मुलगी. तेव्हा नववीत होती, आता अकरावीत आहे. सुट्टीत मी गावी जाते तेव्हा आठवडा ती बंद करते, आणि गेल्या वेळी बंद करण्याआधी तिने मला फोन केला: "काकू, ताळा शून्य येत नाहीये." आम्ही फोनवरच एकेक ओळ वाचत गेलो. चौदाव्या ओळीत १३च्या जागी ३१ पडलं असतं तरी ताळा जुळलाच असता, तेव्हा तसलं काही नव्हतं. मग एकोणिसाव्या ओळीत १७च्या जागी ७१ सापडलं. तिने ते दुरुस्त केलं, बेरीज शून्य आली, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी यादी ग्रुपवर गेली.